परक्या मूळस्थानाची विनंती आणि सर्व्हरची अनुज्ञा

नागरिकाने ब्राउझरमध्ये आपले बँक खाते उघडलेले असते. शेजारीच एखादे अनोळखी संकेतस्थळही उघडे असते. त्या स्थळाच्या जावास्क्रिप्टला बँकेकडून आलेले उत्तर वाचता आले, तर केवढा अनर्थ ओढवेल! तो टळावा म्हणून १९९५-९६ च्या सुमारास नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीत समान मूळस्थानाचे बंधन आले. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट ही तिन्ही जुळली तरच मूळस्थान एक समजले जाते. साहजिकच एकाच संगणकावर ३००० क्रमांकाच्या पोर्टवरील पान ५००० क्रमांकाच्या पोर्टला परकेच ठरते.

तथापि, कुंपणाला दारही हवे. 'कॉर्स' ही पद्धती म्हणजे ते दार होय. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१४ साली तिची शिफारस केली. ब्राउझर विनंतीसोबत 'ओरिजिन' हेडर धाडतो आणि सर्व्हर 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन' या हेडरने अनुज्ञा देतो. माहिती बदलणाऱ्या 'पुट', 'डिलीट' यांसारख्या विनंत्यांपूर्वी ब्राउझर 'ऑप्शन्स' पाठवून आधी पृच्छा करतो.

नोड आणि एक्सप्रेसवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये याकरिता 'कॉर्स' नावाचे तयार मिडलवेअर उपलब्ध आहे. ते सर्व राउटच्या आधी जोडावे लागते. मागाहून जोडल्यास उत्तर हेडरविनाच रवाना होते.

खरा प्रश्न आहे तो दार कोणासाठी उघडावे हा. पर्जन्यमान किंवा बाजारभाव यांसारखी सार्वजनिक माहिती सर्वांना खुली असावी. तेथे तारांकित चिन्ह योग्यच. परंतु कुकीद्वारे ओळख पटवून खाजगी माहिती दिली जात असेल, तर तारांकित अनुज्ञा ब्राउझर मानीत नाही. त्यावर उपाय म्हणून येईल त्या मूळस्थानाचे नाव जसेच्या तसे परत पाठवून कुकीलाही मुभा देणे, म्हणजे घराची किल्ली वाटसरूच्या हाती देणेच होय. विश्वासू मूळस्थानांची नेमकी यादी ठेवावी आणि 'व्हेरी' हेडरमध्ये 'ओरिजिन' नमूद करावे, म्हणजे एकाला दिलेले उत्तर कॅशमधून दुसऱ्याच्या वाट्याला जात नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. हे बंधन ब्राउझर पाळतो. ब्राउझरबाहेरील प्रोग्रॅमवर त्याची सत्ता नाही. त्यामुळे विनंती करणाऱ्याची ओळख आणि त्याचा अधिकार तपासण्याची जबाबदारी सर्व्हरवर राहतेच. माहिती गरजूपर्यंत पोहोचावी आणि नागरिकाचा विश्वासही अभंग राहावा, हे दोन्ही साधणारी व्यवस्थाच लोकोपयोगी म्हणता येईल.