जिजाईची भाकरी कोण नेणार?

॥ रामकृष्ण हरी ॥

(अणदूर येथील कीर्तनाच्या उत्तररंगातून)

बापहो, अभंगाचं चिंतन झालं. आता थोडं संसाराकडे वळू. तुम्ही-आम्ही संसारी माणसं. आपला परमार्थ चुलीपासून सुरू होतो आणि फिरून चुलीपाशीच येतो.

तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणाला बसायचे. घरी कोण? जिजाई. भाकरी थापायची, फडक्यात बांधायची आणि डोंगर चढायला लागायची. तोंडानं त्या काळ्या विठोबाला बोल लावायची, पण पाय काही थांबायचे नाहीत. एकदा वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला पांडुरंग आला, ही कथा तुम्ही शंभर वेळा ऐकली. मीही शंभर वेळा सांगितली. आज मात्र मंडपातल्या पुरुष मंडळींना मी एकच विचारतो. जिजाईनं जन्मभर भाकरी नेली. पण उद्या जिजाईनंच अंथरूण धरलं, तर तिची भाकरी कोण नेणार?

(विठ्ठल विठ्ठल गजर)

हसू नका. हा प्रश्न तुमच्या घरातला आहे.

आपल्या हृदयात चार झडपा असतात. शेतकऱ्याला झडप समजावून सांगावी लागत नाही. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला फुट व्हॉल्व्ह असतो ना? पाणी वर जाऊ द्यायचं, माघारी येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो गळायला लागला की मोटार फिरते, घरघर करते, पण पाणी काही चढत नाही. हृदयाचं तसंच. मिनिटाला ७२ ठोके धरा, दिवसाचे एक लाखाच्या वर होतात. त्या प्रत्येक ठोक्याला झडप उघडायची आणि मिटायची. ती आकसली किंवा गळायला लागली की माणसाला जिना चढता धाप लागते, रात्री आडवं होता येत नाही, पाय सुजतात.

झडप बिघडते कशानं? म्हातारपणी काहींची झडप चुन्यासारखी कडक होते. पण आपल्याकडे दुसरं एक मोठं कारण आहे. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, मग गुडघे-मनगटं सुजतात. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून आपण सोडून देतो. तो असतो रूमॅटिक ताप. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीराची फौज आपल्याच हृदयाच्या झडपांवर घाव घालते. लेकरू बरं होऊन खेळायला लागतं आणि वीस वर्षांनी तेच लेकरू, आता कुणाची तरी सून, पाण्याची घागर उचलताना मटकन खाली बसतं. या आजारातली झडप आकसणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं. कित्येकींना तर बाळंतपणातच ते पहिल्यांदा कळतं.

आपल्याच भागातलं एक जोडपं आहे. नाव सांगत नाही, बाई माणसाच्या दुखण्याचा बाजार मांडू नये. बाईला धाप लागायची. हृदयाची सोनोग्राफी, ज्याला टूडी इको म्हणतात, ती झाली. डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल. घरी आल्यावर बाई काय म्हणाली? “अवं, आधी सोयाबीन निघू द्या.” सोयाबीन निघालं. “आता हरभरा पेरायचाय.” हरभरा झाला. “दिराच्या पोरीचं लग्न पार पडू द्या.” आणि नवरा? नवरा म्हणाला, “तीच म्हणतीय तर राहू द्या.”

बापहो, ‘तीच म्हणतीय’ हे शब्द फार सोयीचे असतात. जिला जन्मभर शिकवलं की तुझं दुखणं सगळ्यांच्या मागून बघायचं, ती दुसरं काय म्हणणार? बैल बसला तर तुम्ही त्याच दिवशी डॉक्टर बोलावता. बैलाला विचारता का, ‘सुगी झाल्यावर बघू का’ म्हणून?

तेव्हा पहिली भाकरी आहे तारखेची. डॉक्टरांना समोर बसून विचारायचं: किती दिवस थांबता येईल? थांबलं तर काय बिघडेल? ते जी मुदत सांगतील तिच्याभोवती सुगी बसवायची, सुगीभोवती ऑपरेशन नाही. त्या गृहस्थानं शेवटी हेच केलं. रान भावाला बटईनं दिलं आणि म्हणाला, “हरभरा पुढल्या साली बी येतो. तू आलीस तर त्याची भाजी करशील.”

दुसरी भाकरी वहीची. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर सगळ्या गोळ्यांची नावं आणि वेळा. काढा, चूर्ण, भस्म, जे काही घेत असाल ते लपवू नका, तेही लिहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या आधी कधी बंद करायची हे डॉक्टर सांगतील. आपल्या मनानं एक दिवसही बंद करू नका. पुढच्या पानावर प्रश्न लिहा. झडप धातूची बसवणार की प्राण्याच्या पेशीपासून केलेली? धातूची पुष्कळ वर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त ठरल्या वेळी तपासावं लागतं. पेशींच्या झडपेला ती गोळी बहुधा जन्मभर लागत नाही, पण ती काही वर्षांनी झिजते, तरुण माणसात लवकर झिजते. पुढं मूल हवं असेल तर ते आधीच सांगा, कारण त्या गोळीचा पोटातल्या बाळाला धोका असतो. ‘प्राण्याची’ म्हटल्यावर मनात काही आलं तर तेही विचारा. आणि निवड करताना जिच्या छातीत झडप बसणार आहे तिला शेजारी बसवा. तिच्या वतीनं तुम्हीच मान डोलावून मोकळे होऊ नका.

कुणी म्हणेल, महाराज, आम्ही अडाणी, आम्हाला हे लिहायला कसं जमावं? अहो, तुम्ही अणदूरकर आहात! १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, सगळा मुलूख हादरला. त्या काळापासून याच गावात डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यापाड्यातल्या साध्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यांना ‘भारतवैद्य’ केलं. त्या बाया शिकल्या. मग तुम्हाला एक वही भरत नाही होय?

तिसरी भाकरी अंगमेहनतीची. ऑपरेशनच्या आधी दात तपासून घ्यायचे. तुम्ही म्हणाल, दुखतंय हृदय आणि दात कशाला? किडलेल्या दातातले, सुजलेल्या हिरड्यांतले जंतू रक्तात शिरतात आणि नव्या झडपेवर घर करतात. नवी विहीर बांधून जुना गाळ आत सोडल्यासारखं होतं ते. म्हणून आधी दात. आणि मिश्री! आयाबायांनो, रागावू नका. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती सोडायची. आणि तिला ‘मिश्री सोड’ म्हणणाऱ्यानं आपल्या खिशातली पुडी आधी उकिरड्यावर टाकायची. दोघांनी मिळून सोडलं तर सुटतं. श्वासाचा व्यायाम करायला तीन चेंडूंचं खेळणं देतात, ते रोज फुफ्फुस भरून ओढायचं. तिच्या शेजारी बसा आणि मोजा. रक्तदाते शोधायचं काम पाव्हण्यांवर सोपवा. रेशनकार्ड, आधारकार्ड एका पिशवीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया बसते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, त्याला तारखेच्या आधी भेटा. सावकाराचं दार त्याच्यानंतर, आणि शक्यतो नाहीच.

आता नवसाचं सांगतो. मी कीर्तनकार, मी नवसाला नाही म्हणणार नाही. पण ऑपरेशनच्या आधी कडक उपवास धरून अंगातलं बळ घालवू नका. अनवाणी तुळजापूर गाठू नका. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा कधी बंद करायचं ते दवाखाना सांगतो, तीच तुमची एकादशी. नवस बोलायचा तर असा बोला: ‘देवा, ती घरी आली की तीन महिने मी पाणी भरीन.’ हा नवस खंडेराय लगेच ऐकतो, कारण तो फेडायला अवघड आहे!

(येळकोट येळकोट जय मल्हार)

चौथी भाकरी कानाची, आणि ही सगळ्यांत जड. एका रात्री ती बाई नवऱ्याला म्हणाली, “अवं, माझ्या माघारी पोरीची शाळा सोडवू नका.” आपण काय करतो? ‘गप, अभद्र बोलू नको’ म्हणतो. आपल्याला वाटतं, आपण धीर दिला. खरं तर आपण आपल्या भीतीवर पांघरूण घातलं आणि तिला अंधारात एकटं सोडलं. त्या गृहस्थानं गप केलं नाही. उठून बसला आणि म्हणाला, “नाही सोडवणार. आणखी काय?” मग बाईनं डाग कुठं ठेवलेत ते सांगितलं, कुणाचं उसनं द्यायचंय ते सांगितलं. सांगून झाल्यावर त्या रात्री ती झोपली. बापहो, ऑपरेशन मोठं असतं. शंभर टक्क्यांची हमी डॉक्टर देत नाही, मीही देणार नाही. मरणाचं नाव काढल्यानं मरण येत नाही. पण मनातलं बोलून झाल्यावर माणूस हलकं होऊन टेबलावर जातं.

आता ऑपरेशनचा दिवस. तुमचं गाव मला एक गोष्ट शिकवतं. खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन, अणदूर आणि नळदुर्ग. सव्वादहा महिने देव तुमच्याकडे, पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. दोन्ही गावच्या मानकऱ्यांचा तसा करारच आहे. देव निघायचा दिवस आला की अणदूरकर पालखी अडवतात का? लेकराबाळांसारखा सांभाळलेला देव, पण दिवस आला की दुसऱ्या गावच्या हाती देतात, आणि तो ठरल्या वेळी परत येणार म्हणून जागा तयार ठेवतात. ऑपरेशनच्या दारात तुम्हाला हेच करायचंय. जिला सांभाळलं तिला दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि परतीची जागा तयार ठेवायची.

आत काय होतं तेही कळू द्या, म्हणजे घाबरायला होत नाही. छातीचं मधलं हाड उघडतात. काही वेळ हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम यंत्र करतं. आपल्या देशातही झडप घडली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं खपले. आधीचे नमुने फसले, तरी त्यांनी हात टेकले नाहीत. ६ डिसेंबर १९९० ला ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. ज्ञानाची साधना अशी असते. तिलाही नमस्कार करा.

ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात तिच्या तोंडात श्वासाची नळी असते. ती शुद्धीवर येते, पण बोलता येत नाही. हे दोघांनी आधीच बोलून ठेवायचं. त्या जोडप्यानं खूण ठरवली होती: हात एकदा दाबला तर ‘हो’, दोनदा दाबला तर ‘नाही’. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दोन मिनिटं आत सोडलं. त्यानं विचारलं, “दुखतंय का?” तिनं दोनदा दाबला. दुखत असणारच, मायबाप! पण त्याला धीर यावा म्हणून तिनं दोनदा दाबला. जिजाई तिथंसुद्धा भाकरीच नेत होती.

म्हणून सांगतो, घरी आल्यावर विसरू नका. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. घागर नाही, पोतं नाही, कडेवर लेकरू नाही. ती विनाकारण रडेल, चिडेल. असं पुष्कळांना होतं. ‘एवढा खर्च केला आणि रडतीस’ असं म्हणू नका. ते लांबत गेलं तर डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ चुकवू नका. पालेभाजी खा, पण रोज सारख्या प्रमाणात. अंग दुखलं म्हणून दुकानातली कुठलीही गोळी देऊ नका. रूमॅटिक तापाचं तीन आठवड्यांचं इंजेक्शन असेल तर डॉक्टर म्हणतील तोवर चालू ठेवा. ताप आला, थंडी वाजली की त्याच दिवशी दवाखाना. आणि घरातल्या लेकराचा घसा दुखून ताप आला, तर तोही दाखवून आणा.

आणि जो सांभाळतो त्यानंही दोन घास वेळेवर खावेत, रात्रीची पाळी भावाला द्यावी. भाकरी नेणाराच वाटेत पडला तर डोंगरावर कोण पोचणार?

मायमाउल्यांनो, तुम्हालाही एक मागणं आहे. धाप लपवू नका. तुमचा जीव उरलासुरला नाही, की सगळ्यांचं झाल्यावर बघायचा. आणि बापहो, कीर्तन संपल्यावर पायांवर डोकं ठेवायला माझ्याकडे येऊ नका. घरी जा. कारभारणीला विचारा, ‘जिना चढताना तुला दम लागतो का?’ ती नाही म्हणेल. तेव्हा दुसऱ्यांदा विचारा.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम!