लढाईच्या वाटेवरील गावे
(पाटस येथील सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



दुष्काळ केवळ आभाळातून येतो, असा समज आहे. आपल्याच मुलखाचा इतिहास निराळी साक्ष देतो. 8 ऑक्टोबर 1802 रोजी बारामतीस होळकरांच्या फौजेने पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. अवघ्या 17 दिवसांनी, ऐन दिवाळीत, हडपसरची लढाई झाली. या दोन रणांगणांमधील मुलूख तो आपला.

महिना कोणता, हे ध्यानात घ्यावे. बाजरी काढणीस आलेली आणि रब्बीच्या ज्वारीची पेर चाललेली. हजारो घोड्यांची फौज अशा वेळी मुलखात शिरली म्हणजे उभे पीक वैरण होते, पेवे उकरली जातात, बैल ओझ्यास धरले जातात. घरधनी जिवानिशी वाचला, तरी बियाणे गेले व बैल गेला. मग पुढील पेर कशाच्या बळावर करावी? वाटा धोक्याच्या झाल्या म्हणजे धान्याचे तांडेही फिरकत नाहीत. त्यातच 1803 साली पावसाने दगा दिला आणि 1803-04 चा घोर दुष्काळ पुणे व नगर प्रांतांवर कोसळला. तरवारीने मेले त्यांहून कितीतरी अधिक लोक उपासमारीने मेले असावेत. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

गृहस्थहो, यातून एकच बोध घ्यावयाचा. कुणब्याचा बैल बाजारात कवडीमोलाने जाण्यापूर्वी आणि बियाण्याची ज्वारी जात्यात पडण्यापूर्वी जी मदत पोहोचते, तीच खरी मदत. त्यानंतरची मदत पोट भरील, पण घर पुन्हा उभे करणार नाही.

आज आपल्या शिवारास खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळते. परंतु कालव्याबाहेरील गावे आजही पावसाच्याच भरवशावर आहेत. फौजा गेल्या, अवर्षण गेलेले नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी धान्य खरेदीच्या भावाने द्यावे, बागाईतदारांनी कडबा व बियाणे द्यावे, आणि दात्यांनी रोख रकमेने त्याच्या वाहतुकीचा भार उचलावा. हे दान नव्हे, शेजारधर्म आहे; कारण ज्या गावात पेर होत नाही, त्या गावचे गिऱ्हाईक पेठेत येत नाही व मजूर मळ्यात येत नाही.

मदत उद्यावर टाकू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.