मन कशासाठी असतं?

सोनाळ्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. तुमच्या हातातलं काम चालू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

आपल्याकडे काही गटांच्या बैठका देवळाच्या सभामंडपात भरतात. पाळी आली की ती बाई बैठकीला येत नाही. बचत कोणाच्या तरी हातानं पाठवते, पण कर्जाची मागणी मांडायला ती समोर नसते. मग तिचा अर्ज पुढच्या महिन्यावर जातो, आणि पेरणी काही महिनाभर थांबत नाही. कोषाध्यक्ष निवडतानाही कोणी तरी म्हणतंच, "बाईचं डोकं त्या चार दिवसांत ठिकाणावर नसतं, हिशेब चुकेल." हे खरं आहे का? याचं उत्तर मानसशास्त्राच्या एका जुन्या गोष्टीत आहे. आमच्यातल्या ज्या बी.ए.पर्यंत शिकल्या, त्यांनी ती पुस्तकात वाचली. तीच आज सांगतो.

१८७९ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात विल्हेम वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. मनाचा अभ्यास प्रयोगानं करता येतो, हे तिथून रूढ झालं. त्यांचे विद्यार्थी टिचनर पुढे अमेरिकेत गेले. त्यांचा सगळा भर मन कशाकशाचं बनलंय हे शोधण्यावर होता. भाजीत तिखट किती, मीठ किती, तेल किती, असं वेगवेगळं करून पाहावं, तसं.

पण अमेरिकेतच विल्यम जेम्स यांनी वेगळा प्रश्न विचारला. १८९० साली त्यांचा मानसशास्त्रावरचा मोठा ग्रंथ दोन खंडांत आला. डार्विननं आधीच दाखवलं होतं की जिवाचा जो अवयव जगायला उपयोगी पडतो, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मग मनाचा उपयोग काय? ते माणसाला कोणत्या कामी येतं? जेम्स म्हणायचे, मन वाहत्या पाण्यासारखं आहे, त्याचे तुकडे करून ते कळत नाही.

१८९६ मध्ये जॉन ड्यूई यांनी एक लेख लिहिला. त्यात लहान लेकराचं आणि मेणबत्तीचं उदाहरण आहे. लेकरू ज्योत पाहतं, हात पुढं करतं, चटका बसतो, हात मागे घेतं. जुने लोक याचे तुकडे पाडत: आधी पाहणं, मग हात हलणं. ड्यूई म्हणाले, ही सगळी मिळून एकच क्रिया आहे. चटका बसल्यावर लेकराला ती ज्योत पहिल्यासारखी दिसतच नाही. आता तिच्यात चटक्याची आठवणही असते. चुलीजवळ लेकरं वाढवलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

१८९८ मध्ये टिचनर यांनी या दोन वाटांमधला फरक नावानिशी मांडला. मराठी पुस्तकांत त्यांना रचनावाद आणि कार्यवाद म्हणतात. रचनावाद विचारतो, मन कसं बनलंय? कार्यवाद विचारतो, मन काय काम करतं?

१९०४ पासून ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन आपले बाबासाहेब आंबेडकर तिथं पोचले आणि ड्यूईंचे विद्यार्थी झाले. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी आपल्या या गुरूंचं ऋण नाव घेऊन मान्य केलंय. जुनं आहे म्हणून सगळंच पुढच्या पिढीला द्यायचं नसतं, चांगल्या समाजासाठी जे कामाचं तेवढंच द्यायचं, हा ड्यूईंचा विचार त्यांनी तिथं मांडला.

त्याच वर्षांत त्याच विद्यापीठात एक बाई शिकत होती, लेटा हॉलिंगवर्थ. ती मूळची शिक्षिका. लग्नानंतर न्यूयॉर्कला आली, तेव्हा तिथल्या शाळांत लग्न झालेल्या बाईला नोकरी देत नसत. त्या काळी मोठमोठे डॉक्टरही सांगत की पाळीत बाईची बुद्धी आणि हात मंदावतात. लेटानं ठरवलं, मोजून पाहू. तिनं २३ बायांची तपासणी केली, तुलनेसाठी पुरुषही घेतले. बोटांचा वेग, हाताचा स्थिरपणा, रंगांची नावं पटापट सांगणं, विरुद्ध शब्द सांगणं, टंकलेखन शिकणं, हे सगळं पाळीच्या आणि इतर दिवसांत मोजलं. १९१४ मध्ये तिचा प्रबंध छापून आला. पाळीमुळे कामात घट होते असं काही तिला आढळलं नाही.

मैत्रिणींनो, ज्यांचं पोट दुखतं, अंगावरून जास्त जातं, त्यांनी आराम करावा, आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवावं. दुखणं खरं असतं. पण दुखणं वेगळं आणि अक्कल जाणं वेगळं.

आणि पाहा, लोणच्याला हात लावू न देणारं घर त्याच दिवशी त्याच बाईला कापूस वेचायला वावरात पाठवतं. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. रोज संध्याकाळी प्रत्येकीचा कापूस काट्यावर तोलला जातो. म्हणजे लेटानं जे केलं, ते आपल्यालाही करता येईल. यंदाच्या वेचणीत प्रत्येकीनं आपल्या वहीत रोजचे किलो लिहावेत आणि पाळीच्या दिवसांवर खूण करावी. दोन-तीन महिन्यांनी गटात बसून आकडे ताडून पाहू. जे निघेल ते आपण याच रेडिओवर सांगू.

तोवर एवढं करा. बैठकीची जागा अशी ठरवा की महिन्याच्या कोणत्याही दिवशी प्रत्येक बाई तिथं बसू शकेल. अंगणवाडी, शाळेची ओसरी, कोणाचं अंगण, काहीही चालेल. आणि कोषाध्यक्ष निवडताना फक्त एवढंच विचारा: हिला हिशेब येतो का?