प्रत्येक छातीचा फोटो वेगळा

छातीचा एक्स-रे फोटो काढायला गेलं की तंत्रज्ञ आधी आपल्याला नखशिखांत न्याहाळतो आणि मग पॅनेलवरचे आकडे बदलतो. निदान बदलायला तरी हवेत.

आकडे मुख्यतः दोन. केव्ही किती, यावर किरण शरीरातून किती भेदून जातील ते ठरतं. एमएएस म्हणजे किरणांचं प्रमाण. हाताच्या पंजाला ५० ते ५५ केव्ही पुरतात. मोठ्या माणसाच्या छातीसाठी अनेक ठिकाणी ११० ते १२० लावतात. अंगाची जाडी चार-पाच सेंटिमीटरनं वाढली, की एमएएस साधारण दुप्पट लागतो.

पण नुसत्या जाडीवर भागत नाही. एम्फिसीमाच्या रुग्णाची छाती पिंपासारखी फुगलेली दिसते, आत मात्र हवाच जास्त; तिथे कमी किरण पुरतात. तेवढ्याच छातीत पाणी झालं असेल तर वाढवावे लागतात. उतारवयात हाडं विरळ झाली की केव्ही उतरवायचे, ओल्या प्लास्टरमधून फोटो घ्यायचा तर चढवायचे. म्हणून चिठ्ठीवर फक्त ‘एक्स-रे चेस्ट’ लिहिणाऱ्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: आजाराचा संशयही दोन शब्दांत लिहा.

लहान मुलांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. त्यांच्या वाढत्या पेशींना किरणांचा धोका अधिक. मूल सांगून श्वास रोखत नाही, म्हणून वेळ काही मिलिसेकंदांवर आणायची. बाळाच्या बारीकशा अंगाला विखुरलेले किरण अडवणारी ग्रिडची जाळी लागत नाही. ती ठेवली तर त्याच फोटोसाठी किरण विनाकारण वाढवावे लागतात.

फिल्म होती तेव्हा चूक लपत नसे. किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची. आता संगणक उजेड सावरून घेतो. किरण कमी पडले तर फोटो रवाळ येतो आणि बोलणी बसतात; जास्त दिले तर फोटो छान येतो, कुणी काही बोलत नाही. अशानं आकडे हळूहळू वरच सरकतात. फोटोबरोबर दिसणारा, किरण किती पडले ते सांगणारा एक्सपोजर इंडेक्स तंत्रज्ञानं दर वेळी पाहिलाच पाहिजे.

घाबरून तपासणी मात्र टाळू नका. छातीच्या एका फोटोत मोठ्या माणसाला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट मिळतात. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. गरोदर असाल, तशी शंका असेल, तर आत जाण्याआधीच सांगा. मुलाला नेलंत तर ‘सेटिंग लहान मुलाचं लावलंय ना?’ एवढं जरूर विचारा. चांगल्या तंत्रज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही.