पर्यायाचाही उगम विचारा

प्रसाधनांच्या प्रयोगशाळांत, कारखान्यांत, खरेदी विभागांत राबणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

वेळ थोडा आहे, म्हणून थेट स्क्वालेन या प्रसाधनांतल्या घटकापाशी येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांना शार्कच्या यकृताच्या तेलात स्क्वालीन सापडले. शार्कला इतर अनेक माशांसारखी हवेची पिशवी नसते. तेलाने भरलेले अवाढव्य यकृतच त्याला पाण्यात तोलून धरते. या स्क्वालीनला हायड्रोजनची जोड दिली की टिकाऊ, हलके, त्वचेत सहज मुरणारे स्क्वालेन तयार होते. आपली कित्येक महागडी क्रीम्स वर्षानुवर्षे त्यावर उभी होती. खोल समुद्रातले हे शार्क उशिरा वयात येतात, पिल्ले मोजकीच देतात. एकदा संख्या घटली की ती भरून यायला दशके लागतात. २००८च्या सुमारास युनिलिव्हर आणि लोरेआल यांनी शार्कचे स्क्वालेन सोडत असल्याचे जाहीर केले. ऑलिव्ह तेल शुद्ध करताना उरणाऱ्या अंशातून ते मिळू लागले. पुढे ब्राझीलमध्ये उसाच्या साखरेवर वाढवलेल्या यीस्टकडून फार्नेसीन घेऊन, त्याचे दोन रेणू जोडून तेच स्क्वालेन बनू लागले.

तेच, हा शब्द मी जपून वापरते. शार्कचा, ऑलिव्हचा, उसाचा रेणू एकच. त्वचेला फरक कळत नाही, ग्राहकाला तर नाहीच. उगम ओळखायचा तर कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासावे लागते. म्हणून फक्त शुद्धतेचा दाखला फाईलला लावून आपले काम संपत नाही. आणि उद्या कुणी महाराष्ट्रातल्या उसापासून स्क्वालेन करू म्हणाला, तर मी आधी त्याला पाण्याचा हिशेब विचारीन. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला आपल्या डबीवरचे हिरवे पान काय सांगणार?

घाईने पर्याय निवडला की काय होते तेही आपण पाहिले आहे. पॅराबेन या परिरक्षकांवर संशय आला, ‘पॅराबेनमुक्त’ छापण्याची चढाओढ लागली आणि बऱ्याच उत्पादनांत त्यांच्या जागी मिथाइलआयसोथायझोलिनोन आले. त्वचेच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकन काँटॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २०१३ मध्ये त्याला त्या वर्षाचा ॲलर्जन ठरवले. पुढे युरोपीय संघाने त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. ज्याला काढले त्याची जितकी कसून चौकशी केली, तितकी नव्याची कुणी केली नव्हती.

आता आपल्या दारातले उदाहरण. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात कोकमाची साल आमसुलाला आणि आगळाला जाते. बी मागे उरते. त्या बीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्निग्धांश असतो. बी कुटून, पाण्यात उकळून, वर आलेली चरबी मुठीत वळायची, हे मुठेल. टाचांच्या भेगांवर घरोघरी लावलेले. स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांनी समृद्ध असे हे मुठेल चाळीस अंशांच्या आसपास वितळते. म्हणून आपल्या वैशाखातही बाम डबीत घट्ट राहतो आणि पेट्रोलियम जेली किंवा खनिज मेणाचा काही भाग त्याने भरून काढता येतो. काही भागच, पेट्रोलियम जेली त्वचेतले पाणी जसे अडवते, तसे कोणतेही वनस्पतिजन्य लोणी एकट्याने अडवेल असा दावा मी करणार नाही. सूत्रात दोन्हींचे प्रमाण मोजून ठरवावे लागेल.

खरी अडचण कारखान्याबाहेर आहे. हंगाम सरता सरता पाऊस येतो. बी नीट वाळली नाही तर बुरशी धरते, मुक्त स्निग्धाम्ले वाढतात, तेलाला खवट वास येतो आणि आपण माल परत पाठवतो. तोटा पडतो तो बी गोळा करणाऱ्या बाईच्या पदरात. तिला सुकवणीची सोय आणि वाळलेल्या बीला वेगळा, जास्त भाव मिळाला, तर आपल्यालाही चांगले मुठेल मिळेल. दर पाडून घेतलेल्या मालाला ‘शाश्वत’ म्हणायला मी तयार नाही.

म्हणून आपल्या या परिषदेने एक काम अंगावर घ्यावे. मुठेलाचे सामाईक मानक तयार करावे: ओलावा, आम्लमूल्य, वितळणबिंदू यांच्या जोडीने बी कुठल्या गावची आणि काय भावाने घेतली, याची नोंदही त्यात सक्तीची असावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना आणि बी गोळा करणाऱ्या बचत गटांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. कोकमे उन्हाळ्यात पिकू लागतात. त्याआधी मसुदा त्यांच्या हाती पडला पाहिजे.