कलावंताची बिदागी आणि आपसांतील माहिती



मी बँकेत कारकून आहे. गेली अठरा वर्षे आमच्या गायन पार्टीत पेटी वाजवतो आणि पार्टीचा हिशेबही माझ्याकडेच असतो. म्हणून आज गाण्याविषयी न बोलता गाण्याच्या व्यवहाराविषयी बोलणार आहे. आपल्या वस्तीतील कितीतरी मुले ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड वाजवून शिक्षणाचा खर्च भागवतात. हे बोलणे त्यांच्यासाठी आहे.

एप्रिल हा आमचा सुगीचा महिना. जयंतीच्या सुपाऱ्या महिनाअखेरपर्यंत चालतात, पुढे बुद्धपौर्णिमा. या कमाईवर कित्येक वादकांची घरे पावसाळ्यात तग धरतात.

२०१७ साली एका मंडळाने आम्हाला बोलावले. बिदागी वीस हजार ठरली, इसार दोन हजार मिळाला. सारे तोंडी. आम्ही नऊ जण सात वाजता हजर झालो. सत्कार आणि भाषणे संपेपर्यंत पावणेदहा वाजले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, सूट दिलेले ठरावीक दिवस सोडले तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. पोलीस आले आणि तीन गाण्यांत कार्यक्रम आटोपला. "तीन गाण्यांचे वीस हजार कसे?" असे मंडळाचे म्हणणे. शेवटी दहा हजारांचा चेक हातात पडला आणि तोही न वटता परत आला.

चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात कलम १३८ खाली तक्रार करता येते. हे मी काउंटरवर लोकांना समजावून सांगतो. स्वतःच्या वेळी मात्र 'आपलीच माणसे' म्हणून गप्प बसलो. "पुढच्या महिन्यात देतो" हे ऐकण्यात चेकची तीन महिन्यांची मुदतही संपली. आमचा ढोलकीवाला त्या दिवशीची बिगारीची हजेरी बुडवून आला होता. त्याच्याकडे पाहण्याचे मला धाडस झाले नाही.

पण माझी खरी चूक पुढची आहे. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या पार्टीचे प्रमुख भेटले. वयाने वडील. म्हणाले, "भाऊ, त्या मंडळाकडे तुम्ही गेला होता ना? कसे आहेत लोक?" मी म्हणालो, "दादा, गर्दी चांगली असते." एवढेच! फसगत सांगायची लाज वाटली. शिवाय ते आपले स्पर्धक. त्यांचेही पैसे बुडाले. नंतर एकत्र बसलो तेव्हा कळले, की 'ती पार्टी बारा हजारांत येते' असे आमच्याविषयी खोटे सांगून मंडळाने त्यांची बिदागी उतरवली होती. माझ्या मौनाचा फायदा फक्त बुडवणाऱ्याला झाला.

तेव्हापासून आमच्या भागातील पाच पार्ट्या एकमेकांना चार गोष्टी कळवतात: ठरले किती, मिळाले किती, कधी मिळाले आणि साऊंड कसा होता. ऐकीव सांगायचे नाही, राग काढायचा नाही. चांगल्या मंडळाचे चांगलेही सांगायचे. किती घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे; किती घेतले ते मात्र लपवू नये.

विद्यार्थी मित्रहो, सुपारी घेताना कागद करा. तारीख, वेळ, माणसे, गाडीभाडे, जेवण, साऊंड कोणाचा आणि मंडळामुळे उशीर झाला तर काय, हे सारे लिहा. दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या. निम्मी रक्कम आधी, उरलेली स्टेजवर चढण्यापूर्वी. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावा. कागद मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही.

"प्रबोधनाचे पैसे कसले मागता?" असे आम्हाला ऐकवले जाते. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव गात फिरले. त्यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्यांनी गाणाऱ्याच्या चुलीचाही विचार करावा. मंडपवाल्याचे पैसे आपण चुकते करतो, मग ढोलकीवाल्याचेच का राहावेत? येथे बसलेले अनेक सभासद उत्सव समित्यांवर आहेत. त्यांना एवढीच विनंती, की भाषणे वेळेत आटोपा आणि कलावंताला रिकाम्या हाताने घरी पाठवू नका.

 जय भीम!