जुना वण

काळ हें सर्व दुःखांवरचें औषध आहे, असें घरोघरीं म्हटलें जातें. जखम झाली, खपली धरली, खपली पडली, वण राहिला. पुढें चिंतेचें कारण उरलें नाहीं, असा हा हिशेब आहे. वण म्हणजे संपलेल्या गोष्टीची खूण, ही समजूत त्याच्या मुळाशीं असते. मनुष्याचें शरीर मात्र या समजुतीला दुजोरा देत नाहीं.

इ. स. १७४० मध्यें जॉर्ज ॲन्सन या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या हाताखालीं कांहीं युद्धनौका पॅसिफिक महासागराकडे निघाल्या. दुसऱ्या वर्षीं दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालतांना त्यांवर स्कर्व्ही रोगानें थैमान घातलें. हिरड्या सुजत, अंगावर काळेनिळे डाग उठत आणि धट्टेकट्टे खलाशी मरून पडत. या सफरीचा वृत्तांत १७४८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ‘सेंच्युरियन’ जहाजावरील एका वृद्धाची हकीकत आहे. पन्नास वर्षांपूर्वीं, १६९० मध्यें, आयर्लंडांतील बॉइनच्या लढाईंत तो जखमी झाला होता. त्या जखमा लवकरच भरून आल्या आणि पुढें वर्षानुवर्षें तो सुखरूप राहिला. परंतु स्कर्व्हीनें गांठतांच त्या पुन्हा उघडल्या; जणूं त्या कधीं भरल्याच नव्हत्या. फार दिवसांपूर्वीं पक्कें सांधलेलें हाड पुन्हा सुटें झाल्याचीही नोंद त्याच वृत्तांतांत आहे.

याचें कारण पुढें विसाव्या शतकांत उलगडलें. वण हा मुख्यतः कोलॅजेन नांवाच्या तंतुमय प्रथिनानें विणलेला असतो. जखम कांहीं आठवड्यांत मिटते, पण ही वीण घट्ट होण्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तांबडा वण हळूहळू फिका पडतो, तरी मूळ कातडीच्या बळाच्या सुमारें चार पंचमांशांपलीकडे त्याचें बळ सहसा जात नाहीं. शिवाय ही वीण एकदां होऊन थांबत नाहीं. जुने तंतु विरत असतात आणि त्यांच्या जागीं नवे घातले जातात. या कामाला ‘क’ जीवनसत्त्व लागतें. मनुष्याचें शरीर तें स्वतः तयार करूं शकत नाहीं. आंवळा, पेरू, लिंबू, ताजी भाजी यांतूनच तें मिळावें लागतें. जहाजावर खारवलेलें मांस आणि कडक बिस्किटें होतीं. पुरवठा तुटला, जुने तंतु विरत राहिले, नवे धड झाले नाहींत आणि अर्ध्या शतकाची वीण उसवली.

मनाचे वण शरीराच्या नियमानें चालतात असें शास्त्र सांगत नाहीं. तथापि संसारांतला अनुभव या दाखल्याच्या फार जवळ जातो. एखाद्या बाईचें मूल लहानपणींच गेलेलें असतें. ती संसार करते, पुढच्या मुलांना वाढवते, हंसते, सणवार साजरे करते. पंचवीस वर्षें लोटतात. मग शेवटच्या मुलीचें लग्न होऊन घर रिकामें होतें, आणि एके दिवशीं गेलेल्या मुलाच्या नांवानें ती रडूं लागते. घरांतलीं माणसें म्हणतात, “इतक्या वर्षांनीं आतां काय हें!”

हाच प्रश्न त्या वृद्ध खलाशालाही विचारतां आला असता. त्यानें खपली काढली नव्हती. वर्षेंही थोडीं झालीं नव्हतीं. उणें होतें तें रोजचें पोषण. त्या बाईची जखमही नुसत्या काळानें मिटलेली नव्हती. हाताला असलेलें काम, घरांतली मुलांची वर्दळ, दुपारीं येऊन बसणारी शेजारीण, त्या मुलाचें नांव न बिचकतां घेणारें एखादें माणूस, अशा साध्या गोष्टींनीं ती रोज नव्यानें सांधली जात होती. त्या एकेक करून सरल्या, तेव्हां वीण सुटली. याला मनाचा दुबळेपणा म्हणणें अन्यायाचें आहे.

म्हणून जुनें दुःख पुन्हा उघडलेलें दिसलें, तर वर्षें मोजण्यांत अर्थ नाहीं. त्या माणसाचें काय तुटलें, हें पाहावें आणि तें शक्य तितकें परत मिळवून द्यावें. १७४१ च्या जून महिन्यांत ‘सेंच्युरियन’ जहाज हुआन फर्नांदेझ बेटाला लागलें. ज्यांच्यांत थोडी धुगधुगी उरली होती, त्यांपैकीं पुष्कळांना तेथल्या ताज्या पाल्याभाजीनें पुन्हा उभें केलें.